तिसरी कोळपणी



आज पिकाविषयी थोडे आणि पोरांविषयी जास्त बोलायचे आहे. शेतीच्या माणसाने दवाखान्याच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कुणी म्हणेल. पण आपल्या खेड्यांतून दरवर्षी काही मुले-मुली डॉक्टरकीला जातात, आणि आजारपण तर घरोघरी आहेच. तेव्हा हा विषय आपला नाही असे म्हणता येत नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या एका गावी सत्काराला गेलो होतो. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला होता. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. फेटे होते, पेढे होते आणि पोरगा नव्या शर्टात अवघडून बसला होता. सरपंचांनी माईकवरून विचारले, "बाळा, डॉक्टर का व्हायचं ठरवलंस?" पोरगा म्हणाला, "गोरगरिबांची सेवा करायची आहे." टाळ्या पडल्या. त्या विरतात न विरतात तोच मागून कुणीतरी ओरडले, "आता काय, पाच-सहा वर्षांनी पैसा ठेवायला घर पुरायचं नाही!" त्यालाही तेवढ्याच टाळ्या पडल्या. पोराच्या बापाने दोन्ही वेळा मान डोलावली.

निघताना तो मला मोटारसायकलीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "साहेब, बी चांगलं उगवलं. आता आपलं काम संपलं म्हणायचं."

मी हसून वेळ मारून नेली. पण वाटेत विचार करत राहिलो. उगवण चांगली झाली म्हणजे काम संपले, असे आपण ज्वारीच्या बाबतीत कधी म्हणतो का?

आधी त्या दोन टाळ्यांविषयी बोलू. पोराला सेवा करायची आहे, हे खरे. घरच्यांना चार पैसे हवेत, हेही खरे. दोन्हींत लाज वाटण्यासारखे काही नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांच्या मनात बहुधा अनेक कारणे एकत्र नांदत असतात. कुणाला जीवशास्त्राची गोडी असते, कुणाला मान हवा असतो, कुणाला कायमचे पोटापाण्याचे साधन हवे असते, तर कुणाच्या आईबापांचीच ती इच्छा असते. आणि कुणाच्या घरात वेळेवर डॉक्टर न मिळाल्याने माणूस गेलेले असते. हे शेवटचे कारण फार खोल रुजते.

आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. १८६५ साली कल्याणला त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. बायकांना मोकळेपणाने दुखणे सांगता येईल अशी स्त्री डॉक्टर तेव्हा आपल्याकडे नव्हती. त्या दुःखातून त्यांचा निश्चय झाला. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. एकाही रुग्णावर स्वतंत्रपणे उपचार करायला त्यांना सवड मिळाली नाही. तरी त्या डॉक्टर का झाल्या, हे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहे.

आता गंमत अशी, की त्याच फिलाडेल्फिया शहरातल्या जेफर्सन नावाच्या दुसऱ्या एका वैद्यकीय विद्यालयात शंभराहून अधिक वर्षांनी एक निराळे माप तयार झाले. आपण मातीचा सामू मोजतो, ओल मोजतो. या लोकांनी डॉक्टरच्या मनातली ओल मोजायचे ठरवले. तिला समानुभूती म्हणतात. रुग्णाबरोबर रडत बसणे म्हणजे समानुभूती नव्हे. त्याला काय होते आहे हे त्याच्या जागी जाऊन समजून घ्यायचे, ते आपल्याला समजले हे त्याला जाणवू द्यायचे आणि मग मदत करायची, ही समानुभूती. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. दुसऱ्याचे जळते तेही थोडे कळावे, यासाठी ही खटपट. या मापात वीस विधाने असतात. प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे. कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त १४० गुण होतात. जगातल्या अनेक देशांत वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे माप लावून पाहिले गेले आहे.

तिथल्याच डॉक्टर होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हापासून दरवर्षी त्यांनी हे गुण मोजले. पहिली दोन वर्षे ओल टिकून होती. तिसऱ्या वर्षी ती चांगलीच उतरली. अमेरिकेत तिसरे वर्ष म्हणजे पुस्तके बाजूला ठेवून मुले प्रत्यक्ष रुग्णालयात जातात ते वर्ष. म्हणजे ज्या वेळी रुग्णाशी खरी गाठ पडते, नेमकी त्याच वेळी ओल आटते! कारणे विचारली तर ओळखीची वाटावीत अशीच निघाली. कामाचा डोंगर, झोप नाही, चूक होण्याची भीती, वरिष्ठांचे टोमणे, रुग्णापेक्षा यंत्रावर जास्त भरवसा, आणि ज्यांच्याकडे बघून शिकावे अशी माणसे थोडी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे गुण विद्यार्थी स्वतःच स्वतःला देतो. रुग्णाला तो कसा वाटतो हे त्यात येत नाही. शिवाय सगळीकडे सारखेच चित्र दिसले असेही नाही. काही ठिकाणी घट अगदी थोडी आढळली, तर काही ठिकाणी पुढच्या वर्षांत गुण वाढलेलेही दिसले. मला त्यात आशा दिसते. ओल आटणे हा निसर्गनियम असता तर ती सगळीकडे आटली असती. ज्या अर्थी कुठे आटते आणि कुठे टिकते, त्या अर्थी ती मशागतीवर अवलंबून आहे.

रब्बी ज्वारीचे आपण काय करतो? पेरणी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर. पुढे पावसाचा भरवसा नाही. जी ओल जमिनीत आहे तिच्यावरच पीक काढायचे. म्हणून तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने दुसरी, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी. पहिल्या दोन बहुतेक जण करतात, कारण तण डोळ्यांना दिसते. तिसरी कोळपणी पुष्कळ जण सोडून देतात. पीक कमरेला लागलेले असते, वरून हिरवेगार दिसते. पण खाली काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात आणि त्या भेगांतून ओल वाफ होऊन उडत असते. भेगा बुजवणे हेच तिसऱ्या कोळपणीचे काम. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणत ते उगीच नव्हे.

डॉक्टरकीला गेलेल्या लेकराचेही असेच आहे. पहिल्या वर्षी घर सगळे जागे असते. पुढे पोर हुशारीने हिरवेगार दिसू लागते आणि आपण निर्धास्त होतो.

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचे उदाहरण सांगतो. पहिल्या वर्षी सुटीत आली तेव्हा शरीररचनेच्या वर्गात पहिल्या दिवशी काय झाले ते सांगत होती. शवविच्छेदनाच्या खोलीत सगळ्यांनी उभे राहून शपथ घेतली, की ज्याने आपला देह आमच्या शिक्षणाला दिला त्याचा आम्ही मान राखू. ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते. माझी आई म्हणाली, "मेलेल्या माणसाचा मान राखायला शिकवतात, म्हणजे पोर चांगल्या ठिकाणी गेली."

दोन वर्षांनी तीच मुलगी दिवाळीला आली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळे. जेवताना म्हणाली, "काका, परवा फार छान केस बघायला मिळाली." फवारताना विषबाधा झालेला शेतकरी होता. डोळ्यांच्या बाहुल्या किती बारीक झाल्या, तोंडाला फेस कसा आला, कोणते इंजेक्शन किती वेळा दिले, सगळे तिने भराभरा सांगितले. आईने हातातला घास खाली ठेवला आणि विचारले, "छान काय गं त्यात? वाचला का तो? त्याची बायको कुठं होती?" पोरगी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, बाहेर बसली असेल. मी बघितलंच नाही."

मी तिला बोल लावला नाही. कारण मीही तेच केले होते.

मी बी.एस्सी. ॲग्री होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. नव्वदचे दशक, कापसावर हिरव्या बोंडअळीने कहर केला होता. एका शेतकऱ्याच्या रानात गेलो, झाडे मोजली, अळ्या मोजल्या, कागदावर औषधाचे नाव आणि प्रमाण लिहून दिले. त्याने "हो साहेब, हो साहेब" म्हटले. आठवड्याने गेलो तर फवारणी झालेलीच नव्हती. मी चिडलो, चार शब्द बोललो. तो खाली मान घालून उभा. शेवटी त्याची बायको म्हणाली, "साहेब, मागल्या साली फवारताना ते चक्कर येऊन पडले होते. तेव्हापासून पंपाला हात लावायला भितात. तुम्ही अळ्या विचारल्या, यांना काय होतं ते विचारलंच नाही." त्या दिवशी मला कळले, की माझ्या शिफारशीत चूक नव्हती, पण ज्याच्यासाठी ती होती तो माणूसच तीत नव्हता. मग आम्ही बसलो, बोललो. तोंडाला फडके, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा बघून सकाळची वेळ आणि मदतीला चुलत भाऊ, असे सगळे ठरले. फवारणी झाली.

ऐकून घेण्याने औषधाचा गुण वाढतो तो असा. वैद्यकातही हे दिसून आले आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर आणि रुग्ण यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. रुग्ण आपले दुखणे सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आणि २०११ साली डॉक्टर होजात यांनीच मधुमेहाच्या ८९१ रुग्णांचा आणि त्यांच्या २९ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या डॉक्टरांची समानुभूती जास्त, त्यांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती. ज्यांची कमी, त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण ४० टक्के होते. अशा एका अभ्यासावरून सगळेच सिद्ध होते असे नाही, पण त्यामागचे कारण आपल्याला समजण्यासारखे आहे. डॉक्टर खेकसला की आपण अर्धेच खरे सांगतो. पैसे नव्हते म्हणून गोळ्या बंद केल्या, हे सांगायची लाज वाटते. डॉक्टरने शांतपणे ऐकले की पोटातले ओठावर येते आणि उपचार नेमका होतो.

मग ही ओल टिकवायची कशी? शिक्षणसंस्थांनी काही केले आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू केली. तिथे नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात शिबिरासाठी राहावे लागते. झाडलोट, श्रमदान, सूतकताई करावी लागते. पुढे त्या तुकडीने एखाद्या गावात मुक्काम करायचा आणि घराघरांची ओळख करून घ्यायची, अशी रीत त्या संस्थेने पाडली. सबंध देशातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि रुग्णाशी बोलणे यांचे शिक्षण आले आहे. २०२२ पासून कुटुंब दत्तक योजना आली. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली काही कुटुंबे सोपवायची आणि त्यांच्या आरोग्यावर पुढची वर्षे त्याने लक्ष ठेवायचे, अशी ती योजना. प्रवेशाच्या ७२० गुणांच्या परीक्षेत ज्याला एकही गुण नाही, ते शिकवण्याची ही खटपट आहे.

पण एवढ्यावर भागत नाही. घराने आणि गावाने करायची कोळपणी वेगळी आहे. मला सुचलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पोर निघण्याआधी त्याला विचारा, तुला डॉक्टर का व्हायचे आहे? पारावर नव्हे, घरात, निवांतपणे विचारा. जे उत्तर येईल ते त्याच्याच हाताने वहीत लिहून ठेवायला सांगा. पैशासाठी म्हणाले तर तेही लिहू द्या. आणि खरोखर त्याची इच्छाच नसेल, तुमच्या हौसेखातर जात असेल, तर ते आताच कळलेले बरे.

दुसरी गोष्ट कर्जाची. सरकारी जागा मिळाली नाही म्हणून जमीन विकून, भारी व्याजाने पैसे काढून पोराला पाठवण्याआधी दहा वेळा विचार करा. शिष्यवृत्ती, शुल्क सवलत, बँकेचे शैक्षणिक कर्ज यांची नीट चौकशी करा. ज्याच्या डोक्यावर व्याज चढते आहे, त्याला समोरचा रुग्ण हप्त्यासारखा दिसू लागला तर दोष एकट्या त्याचा नाही. आणि कर्ज काढलेच असेल तर दर फोनला त्याची आठवण देऊ नका.

तिसरी गोष्ट, फोनवर नुसते गुण विचारू नका. "आज कुणाशी बोललास? कोण होते ते? घरी कोण कोण आहे त्यांच्या?" असे विचारा. आजीने विचारलेला प्रश्न प्राध्यापकांच्या प्रश्नापेक्षा कमी मोलाचा नसतो. सुटीत आल्यावर गावभर फुकटची नाडी बघायला मिरवू नका, पण शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ अर्धा तास बसायला जरूर पाठवा.

चौथी गोष्ट, त्याचेही कुणी ऐकले पाहिजे. सलग रात्री जागून, बोलणी खाऊन, डोळ्यांदेखत माणूस गेलेला पाहून पोर घरी येते. ते चिडचिडे झाले, बोलेनासे झाले, तर "एवढा खर्च केला आणि तोंड पाडून बसतो" असे म्हणू नका. जवळ बसा. झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते सहज घेऊ नका. महाविद्यालयातल्या मनोविकार विभागात न्या. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्री-बेरात्रीही लागतो. कोरड्या विहिरीतून मोट भरून येत नाही.

पाचवी गोष्ट तुम्हा-आम्हा सगळ्यांसाठी. तुमच्या गावात असे विद्यार्थी कुटुंबांची माहिती घ्यायला आले, तर "सरकारी माणसं आली" म्हणून वरवरची उत्तरे देऊ नका. त्यांना ओसरीवर बसवा, चहा द्या आणि खरे सांगा. पाणी कुठून आणता, चुलीचा धूर किती, मागच्या आजारपणाला किती खर्च आला, तो कुठून आणला, बाळंतपणात काय झाले. तुमचे घर हे त्या पोराचे पुस्तक आहे. पुस्तकातच खोटे छापले तर विद्यार्थी काय शिकणार? आणि दवाखान्यात आपले माणूस दगावले म्हणून तिथल्या शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर धावून जाऊ नका. चूक झाली असेल तर दाद मागायला रीतसर मार्ग आहेत. ज्या पोराने एकदा मार खाल्ला, ते पुढच्या रुग्णाजवळ मोकळ्या मनाने बसायचे नाही.

माझी पुतणी आता इंटर्नशिप करते आहे. परवा आली होती. आईच्या गुडघ्यांची जुनी तक्रार. आधीच्या खेपेला उभ्या उभ्या गोळीचे नाव सांगून गेली होती. या वेळी खाली बसली आणि म्हणाली, "आजी, दुखायला लागलं की तू काय काय करायचं सोडून देतेस?" आई पाऊण तास बोलत होती. त्यात गुडघा थोडा आणि देवळात जायचे बंद झाल्याचे दुःख जास्त होते. पोरीने काठी आणून दिली, देवळापर्यंत हात धरून नेले, मांडीचे दोन व्यायाम शिकवले. गुडघा काही बरा झालेला नाही. पण आई आता एक दिवसाआड देवळात जाते.

पारावरच्या त्या शेतकऱ्याला मी नंतर निरोप पाठवला, की काम संपले नाही, खरे काम तिसऱ्या वर्षी आहे. त्याला नीट कळले की नाही ठाऊक नाही. म्हणून इतके सविस्तर लिहिले.

आणि हो, ज्यांची ज्वारी आठ आठवड्यांची झाली आहे त्यांनी दातेरी कोळपे बाहेर काढावे. पीक वरून हिरवे दिसते म्हणून थांबू नका. खाली वाकून भेगा बघा.